रिकाम्या क्वार्टरमधल्या मावशी

पडक्या इमारतीसमोर कॅमेरा घेऊन उभं राहिलं की थोड्या वेळात कुणीतरी येतं आणि विचारतं, "मोजणी हाय का?" नाही म्हटलं की दुसरा प्रश्न येतो, "मग रस्ता जातोय का हितनं?" तेही नाही म्हटलं की माणूस इमारतीकडं बघतो, आपल्याकडं बघतो आणि म्हणतो, "मग फोटू कशाला?" या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला आजवर नीट देता आलेलं नाही. सुरुवातीला मी "छंद आहे" असं सांगायचे. त्यावर तासगावजवळ एका बंद तेलघाण्यापाशी एक आजोबा म्हणाले होते, "छंदच हाय तर चांगल्या इमारतीचं काढा की." तेव्हापासून मी "हो, मोजणी आहे" एवढंच सांगते. लोक समाधानानं निघून जातात. काही जण बांध दाखवायला थांबतात.

मी मिरजेत एका इस्पितळात एक्स-रे काढते. आठवड्याचे सहा दिवस "श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा" हे म्हणत असते. निम्मे लोक "रोखा" म्हटलं की बोलायला लागतात. इमारतींना यातलं काहीच सांगावं लागत नाही. मला त्या आवडायला लागल्या त्याचं कारण बहुधा एवढंच असावं.

माझे यजमान हायस्कुलात गणित शिकवतात. त्यांना पडक्या इमारतींत काडीचा रस नाही. पण बायकोनं एकटीनं असल्या ठिकाणी जाऊ नये असं त्यांचं मत आहे, म्हणून ते येतात. येतात म्हणजे गाडीत बसतात. काचा वर करतात, मांडीवर पॅड घेतात आणि पेपर तपासतात. आत मला साप चावला तर तो गठ्ठा संपल्यावरच त्यांना कळेल, हे मी गृहीत धरलं आहे.

असा आम्ही दोघांनी सांगली-सातारा बराच पालथा घातला. वाईच्या रस्त्याला वेलींनी पुरता झाकलेला रोडरोलर, फलटणकडं उसाच्या कडेला उभा असलेला बिनचाकांचा टेम्पो, ज्याच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. घराजवळची हरिपूरची हळदीची पेवंही मी सोडली नाहीत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. वर तोंड बारीक आणि आत पोट मोठं. पूर्वी त्यात हळद साठवायचे. मी एका दिवसात पालथी पडून चाळीसेक पेवांचे फोटो काढले. घरी येऊन बघितले तर सगळे काळे. यजमान म्हणाले, "एकच काढला असतास तरी चाललं असतं."

ज्या फोटोमुळं पुढचं सगळं घडलं, तो कोयनेकडचा. कोयनानगरच्या अलीकडं, हमरस्त्यापासून जरा आत, धरणाच्या कामासाठी एकेकाळी बांधलेली एक वसाहत आहे. काम संपलं, माणसं बदलून गेली, क्वार्टरं तशीच राहिली. बसक्या बैठ्या खोल्या, वर पत्रे, पुढं हातभर ओटा, दारावर रंगानं घातलेले नंबर. तिथला पाऊस असा की भिंतींवर शेवाळ्याचा मखमली थर चढला होता. मी दिवसभर हिंडून फोटो काढले, यजमानांचा नववीचा एक अख्खा वर्ग तपासून झाला आणि आम्ही परत आलो.

रात्री जेवणानंतर फोटो मोठे करून बघताना शेवटच्या ओळीतल्या एका क्वार्टरच्या खिडकीत मला काहीतरी पांढुरकं दिसलं. डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईसारखं. एक्स-रेत अशी सावली दिसली तर आम्ही पेशंटला पुन्हा उभं करतो आणि दुसरा काढतो. इथं तसं करायची सोय नव्हती. माझ्यासारख्याच रिकामटेकड्या लोकांचा मोबाइलवर एक गट आहे. त्यावर मी तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "काच आहे की कोळ्याचं जाळं?"

आठवड्याच्या आत तो फोटो माझ्याकडं परत आला. साताऱ्याच्या मावससासूबाईंनी पाठवला होता. वर लाल अक्षरांत मजकूर होता: "कोयनेच्या वसाहतीत आजही वाट पाहते ठेकेदाराची बायको. कमकुवत मनाच्या लोकांनी उघडू नये." खाली सासूबाईंनी स्वतःचं वाक्य जोडलं होतं, "तुम्ही दोघं तिकडं फिरता, जपा." फोटो मीच काढलाय हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विश्वास ठेवला नसता.

पण मला चैन पडेना. भुताची भीती वगैरे नव्हती. इस्पितळात रात्रपाळ्या केलेल्या बाईला ती राहत नाही. मला फक्त काच की जाळं एवढं बघायचं होतं. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. यजमानांनी गाडी वसाहतीच्या तोंडाशी चिंचेखाली लावली आणि दहावीचा गठ्ठा काढला.

त्या क्वार्टरचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि दारातच थांबले. बाकीच्या क्वार्टरांत शेण, बाटल्या आणि पडलेला गिलावा होता. इथं फरशी झाडलेली होती. भिंतीशी एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती, खुंटीला कापडी पिशवी, कोपऱ्यात झाकण घातलेला तांब्या. खिडकीला काच नव्हती आणि जाळंही नव्हतं.

"कोन पायजे?" मागून आवाज आला.

साठीच्या आसपासच्या एक बाई उभ्या होत्या. नऊवारी पातळ, डोक्यावर पदर, हातात खुरपं. मी घाईघाईनं माझं नेहमीचं उत्तर दिलं, "मोजणी आहे."

"ऐतवारी?" त्या म्हणाल्या.

मग मला खरं सांगावं लागलं. मी म्हटलं, मी रिकाम्या इमारतींचे फोटो काढते. त्यावर त्यांनी "कशाला?" असं विचारलं नाही. तसं न विचारणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांनी खुरपं कोपऱ्यात ठेवलं, मला खुर्ची दिली आणि आपण दाराच्या उंबऱ्यावर बसल्या.

"तुम्ही इथं राहता का, मावशी?" मी विचारलं.

"न्हाई वं. घर हाय की गावात. मोट्टं घर हाय. सोळा मान्सं."

"मग इथं?"

"बसाया येती."

मला वाटलं पुढं काही सांगतील. पण त्यांच्या मते उत्तर पूर्ण झालं होतं.

"म्हणजे काही काम करायला?" मी म्हटलं.

"काम घरात हाय. हितं नुस्तं बसाया येती. घरात मी बसली की कुनाला ना कुनाला कायतरी आटवतं. माझा चार्जर कुटं हाय, आय? आत्ती, दूध उतू गेलं का बघा. दोन सुना हाईत, गुनाच्या हाईत, पर त्यास्नीबी मी बसल्याली दिसली की काम आटवतं. आनि आमचं मेजर."

सातारा जिल्ह्यात पलटणीतून निवृत्त झालेल्या कुणालाही मेजर म्हणतात, हुद्दा कोणताही असो. मावशींचे मालक पलटणीत शिपाई म्हणून लागले आणि हवालदार होऊन घरी आले. आल्यापासून ते घर पलटणीसारखं चालवत होते. पहाटे सगळ्यांना उठवणं, अंथरुणांच्या घड्या तपासणं, जेवायला उशीर झाला की का झाला ते विचारणं.

"मान्साला लय चांगला हाय," मावशी म्हणाल्या. "पर बसलेलं मानूस त्यास्नी सोसत न्हाई. म्हंत्यात, खाली काय बसलीयास?"

म्हणून दुपारची जेवणं झाली की त्या खुरपं घेऊन गवताला म्हणून बाहेर पडायच्या, दोनअडीच तास या क्वार्टरमध्ये बसायच्या आणि परतताना वाटेत भारा कापून घेऊन जायच्या. असं तीन वर्षं चाललं होतं. घरात कुणाला पत्ता नव्हता. मी विचारलं, बसून काय करता? देवाचं नाव घेता का? झोपता का? त्या म्हणाल्या, झोप घरीही मिळते. मग खिडकीतून काय बघता? त्यावर त्यांनी माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं बघितलं.

तेवढ्यात छपराचे पत्रे खडखडले आणि तांब्यावरचं झाकण वाजलं. मी ताडकन उठले.

"बसा, बसा," मावशी म्हणाल्या. "हालला. एवडुसा तर हालला."

कोयनेकडं भूकंपाबद्दल इतपतच बोलतात. चिंचेखाली गाडीत बसलेल्या यजमानांना वाटलं होतं की कुणीतरी मागून गाडी ढकलतंय. ते काच खाली करून ओरडलेही होते.

मग मी मोबाइल काढून मावशींना तो फोटो दाखवला. लाल अक्षरं वाचून दाखवली. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"ही मी हाय?"

"हो."

"पदर नीट हाय," त्या म्हणाल्या. मग, "कुनाची बायकू म्हंत्यात?"

"ठेकेदाराची."

"त्याची बायकू हितं कवाच न्हवती. ती पुण्याला ऱ्हायची. माजं माहेर ह्याच वाडीचं, मला ठावं हाय." ठेकेदाराच्या बायकोबद्दल चुकीची माहिती पसरली याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं. मी माफी मागितली. फोटो काढून टाकायला सांगते म्हणाले. ते माझ्या हातात राहिलं नव्हतं हे मला माहीत होतं, पण म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या की," मावशी म्हणाल्या. "त्या पलीकडच्या खोल्यात पत्त्याचा डाव बसायचा. लय आरडायची पोरं. गेल्या आट दिसांत एक आला न्हाई. मला कळंना का. आता कळलं."

त्या दिवशी निघताना त्यांनी मला गवतातून वेचलेल्या अळवाच्या पानांची जुडी दिली. भुतानं दिलेल्या पानांच्या वड्या चांगल्या झाल्या होत्या. यजमानांनी दोनदा मागून घेतल्या.

त्यानंतर आम्ही त्या बाजूला अधूनमधून जायला लागलो. खरं म्हणजे त्या वसाहतीचे फोटो काढून झाले होते. मी यजमानांना पाटण खोऱ्यातली एखादी पडकी धर्मशाळा सांगायचे आणि वाटेत इथं थांबायचे. मावशींशी फार बोलणं व्हायचं नाही. मी ओट्यावर बसायचे, त्या खुर्चीत. पहिल्यांदा मला हे जमेना. हात मोबाइलकडं जायचा. "ठिवा की त्ये," मावशी म्हणायच्या, "मेलं का कोन?"

पावसाळा सरला आणि तीन तरुण आले. भुताखेतांच्या जागी जाऊन व्हिडिओ काढायचे आणि ते लोकांना दाखवायचे असा त्यांचा उद्योग होता. तिकडं रात्री बिबट्या असतो हे त्यांना खाली चहाच्या टपरीवर कळलं, म्हणून ते भर दुपारी आले. हे सगळं मावशींनी मला नंतर सांगितलं. तिघं अंगात काळे कपडे, हातात दांडीला लावलेले मोबाइल, असे कुजबुजत दार लोटून आत शिरले, तर समोर खुर्चीत मावशी.

"चपला भाईर काडा," मावशी म्हणाल्या.

त्यांनी काढल्या. त्यातल्या एकानं, तो जरा धीट असावा, विचारलं, "आजी, इथं काही दिसतं का हो तुम्हाला?"

"दिसतं की."

"काय दिसतं?"

"एक बाई दिसती. दुपारची. पदर घेतल्याली. कुनाला काय करत न्हाई. पर कोन आलेलं तिला आवडत न्हाई."

आपण यातून तिघांना वाटेला लावलं असं मावशींना वाटलं. तिघं गेलेही. पण हे सगळं त्यांनी टिपलं होतं. चार दिवसांनी तो व्हिडिओ निम्म्या जिल्ह्याच्या मोबाइलवर होता. त्यात मावशींचा चेहरा लख्ख दिसत होता, लाल खुर्ची दिसत होती, कोपऱ्यातलं खुरपंही दिसत होतं. मेजरांना तो त्यांच्याच पलटणीतल्या एका मित्रानं पाठवला. तो मित्र राहायला जतला. म्हणजे व्हिडिओ कोयनेहून जतला जाऊन परत आला होता.

मेजर वसाहतीत आले तेव्हा योगायोगानं आम्हीही तिथं होतो. दारात उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा राहिला. मावशी खुर्चीत होत्या. त्या उठल्या नाहीत. मी मात्र उठून उभी राहिले, का ते माहीत नाही.

"हितं काय करती?" मेजर म्हणाले.

"बसती."

"कवापास्नं?"

"झाली तीन वर्सं."

मेजर आत आले. त्यांनी खोली बघितली. फरशी बघितली, खुंटी बघितली, पत्र्याला हात लावून हलवून बघितला. मला वाटलं आता आवाज चढणार. ते म्हणाले, "बोल्ट ढिल्लं हाईत. वाऱ्यानं उडंल ह्यो पत्रा." आणि निघून गेले.

मावशी मग दुपारभर हसत होत्या. मला म्हणाल्या, "बगा, कायच बोलले न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मेजर पान्हे आणि शिडी घेऊन आले आणि त्यांनी बोल्ट आवळले. तिसऱ्या दिवशी आणखी एक खुर्ची आणली. चौथ्या दिवसापासून ते दुपारी मावशींच्या शेजारी येऊन बसायला लागले. त्यांना जागा आवडली होती. वारं चांगलं येतं म्हणायचे. त्यांना गप्प बसायची सवय नव्हती, म्हणून ते काश्मीरमधल्या थंडीच्या गोष्टी सांगायचे. महिन्याभरात त्यांनी आसपासचे आणखी तीन मेजर बोलावले. खुर्च्या वाढल्या. मग त्या सगळ्यांना चहा लागायला लागला. चहा कुणी करायचा हा प्रश्न कुणाला पडला नाही. एक स्टोव्ह आला आणि तो मावशींच्या पुढ्यात ठेवला गेला.

मी पुढच्या खेपेला गेले तेव्हा मावशी चिंचेखाली, आमच्या गाडीपाशीच उभ्या होत्या.

"ताई, तुमाला रिकाम्या जागा लय म्हाईत असत्याल," त्या म्हणाल्या. "मला एकादी दावा की."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या छंदाचा कुणाला उपयोग होत होता. मावशींनी घरात डोळे दाखवायला कराडला जायचं म्हणून सांगितलं. त्या मागच्या सीटवर बसल्या. यजमान गाडी चालवत होते, आणि एकदा मागं वळून मावशींना म्हणाले, "देवळात का नाही बसत? शांत असतं."

"देवळात बाया असत्यात," मावशी म्हणाल्या. "आनि देवापुढं नुस्तं कसं बसायचं? त्यो बी वाट बगत असनार, ही काय मागती म्हनून."

मी त्यांना आधी कालव्याच्या कडेचा एक बंद बंगला दाखवला. माझ्या मते दोन्ही जिल्ह्यांत तो सगळ्यांत देखणा. दगडी कमान, समोर जुना आंबा, जिन्याला कोरीव कठडा. मावशींनी दारातूनच बघितलं आणि म्हणाल्या, "लय मोटं हाय. झाडायचं कुनी?" मग एक बंद पडलेली शाळा. तिथं त्या आत गेल्या, फळ्यासमोर क्षणभर उभ्या राहिल्या आणि बाहेर आल्या. "हितं बसवत न्हाई. बाई ईल आनि उबं करंल असं वाटतं." मग हमरस्ता सरळ केल्यामुळं मागं पडलेली एसटीची एक शेड. छप्पर शाबूत, बाक शाबूत, चारी बाजूंनी गवत, मैलभर माणूस नाही. तिथं मात्र त्या बसल्या. मी आणि यजमान गाडीपाशी थांबलो. यजमान हळूच म्हणाले, "ही पसंत पडली वाटतं." थोड्या वेळानं मावशी उठून आल्या.

"जागा चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पर गाडीची वाट बगतोय असंच वाटतं. निवांत न्हाई वाटत."

आम्ही परत निघालो. मला वाईट वाटत होतं. इतकी वर्षं या जागा मी बघितल्या, त्यांच्या भिंती, खिडक्या, गंज, सगळं बघितलं. पण तिथं माणसाला बसता येईल का, हे कधी बघितलं नव्हतं. वसाहतीच्या फाट्याला उतरताना मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या. माजी खोली मी का सोडू? मी सांगती त्यास्नी."

काय सांगितलं ते मला पुढच्या भेटीत कळलं. रात्री जेवताना त्यांनी मेजरांना विचारलं होतं, "आवं, पलटनीत पहाऱ्याला समदी एकदमच बसायची का?"

"एकदम कशी बसत्याल?" मेजर म्हणाले. "पाळीपाळीनं. एक सुटला की दुसरा."

"मग त्या खोलीवर सकाळची पाळी तुमची. दुपारची माजी. माज्या पाळीत दुसरं कोन नगं."

मेजरांनी भाकरीचा घास हातात धरून विचार केला. तीस वर्षं "बसलीयास का" या एका प्रश्नाचा त्यांच्यापुढं निकाल लागला नव्हता. पाळी म्हटल्यावर तो लागला. बाई बसलेली नाही, पाळीवर आहे. ते म्हणाले, "मग आदी सांगायचं न्हाई का?"

त्यांनी ती गोष्ट पलटणीतल्यासारखीच मनावर घेतली. सकाळचे मेजर लोक जेवायच्या आधी उठून जायला लागले. स्टोव्ह मेजरांनी स्वतः घरी नेला. आणि दुपारी ते वसाहतीच्या तोंडाशी, चिंचेखाली, खुर्ची टाकून पहाऱ्याला बसायला लागले. मला हे माहीत नव्हतं. आमची गाडी वळली तशी ते खुर्चीतून उठले आणि हात आडवा केला.

"किधर?"

"मेजर, मी आहे," मी काच खाली करून म्हटलं.

"वळकतो. पर पाळी चालू हाय. आत सोडता येत न्हाई."

"मावशींनाच भेटायचंय."

"पाळी सुटल्यावर भेटा. लाईन तोडून चालत न्हाई, ताई."

आम्ही थांबलो. मेजर यजमानांच्या खिडकीशी वाकले आणि काय तपासताय म्हणून विचारलं. मग त्यांनी एक पेपर हातात घेतला, बघितला आणि म्हणाले, "ह्या पोराला मार्क लय दिलं तुमी." यजमानांनी पुन्हा मोजले तर खरंच दोन जास्त होते. त्या दिवसापासून ते दोघं एकमेकांना मान द्यायला लागले. मी चिंचेखाली उभी राहून समोरच्या पहिल्या ओळीचे फोटो काढले. त्या ओळीतली क्वार्टरं उतरवायचं काम निघालं होतं. पत्रे, दारं, चौकटी सगळं ट्रॅक्टरमध्ये भरत होते. मावशींची ओळ शेवटची. ती कधी उतरवणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मेजर म्हणाले, "ऑर्डर आली की बगू."

गेल्या हिवाळ्यात मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मीच म्हटलं, मिरजेला करू, चार दिवस माझ्याकडं राहा. मेजर एसटीनं त्यांना पोचवून, डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून परत गेले. आमचा मुलगा पुण्याला नोकरीला असतो. त्याची खोली मी मावशींसाठी तयार केली. खिडकीशी आरामखुर्ची ठेवली. ऑपरेशन व्यवस्थित झालं. घरी आणल्यावर मी त्यांना म्हटलं, "आता चार दिवस नुसतं बसायचं. इथं तुम्हाला कुणी हाक मारणार नाही."

मी कामावर जायचे, यजमान शाळेत. घरात त्या एकट्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी आले तर त्या आरामखुर्चीत नव्हत्या. डोळ्याला काळा चष्मा लावून स्वयंपाकघरात बसल्या होत्या आणि चाचपडत लसूण सोलत होत्या. घरातला सगळा लसूण सोलून झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारणीला बोलावून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "काही हवंय का, मावशी? कंटाळा येतो का?"

"घर चांगलं हाय वं," त्या म्हणाल्या. "पर लय शांत हाय. करमंना बगा. सकाळधरनं कोन आय म्हनालं न्हाई की आत्ती म्हनालं न्हाई."

"तिकडं तुम्हाला तेच नको असतं ना?"

"नगंच असतं की," त्या म्हणाल्या. त्यात काही चमत्कारिक आहे असं त्यांना वाटलं नाही. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. मेजर होते. मिठाची बरणी कुठं ठेवली आहे ते विचारत होते. मावशींनी ती फळीवर, चहाच्या डब्यामागं, तांदळाच्या डब्याच्या अलीकडं अशी सविस्तर सांगितली. मग आणखी कुणीतरी फोन घेतला, मग आणखी कुणी. फोन संपला तेव्हा त्यांचा चेहरा बराच टवटवीत झाला होता.

चौथ्या दिवशी त्यांना न्यायला जीप आली. एक माणूस आला असता तर पुरलं असतं. मेजर, दोन मुलगे, दोन्ही सुना, नातवंडं आणि एक शेजारी, ज्याला मिरज बघायची होती, असे सगळे उतरले. आमचं घर भरून गेलं. कुणी पाणी मागत होतं, कुणी बाथरूम कुठं विचारत होतं, धाकटी सून मोबाइलचा चार्जर शोधत होती. मावशी मधोमध बसून, डोळ्यांवर काळा चष्मा असूनही, कोण काय प्यालं आणि कोण नाही ते अचूक सांगत होत्या. मेजरांनी यजमानांशी हस्तांदोलन केलं आणि सहामाहीचे पेपर झाले का विचारलं.

निघताना मी मावशींना डोळ्यात घालायचे थेंब दिले, कधी घालायचे ते थोरल्या सुनेला समजावलं, आणि म्हटलं, "महिनाभर तरी वसाहतीत जाऊ नका. धूळ असते."

"महिनाभर?" मावशी म्हणाल्या. "आता ही समदी गाडीत बसून बोलत जानार पाटनपतूर. मी उद्याच जाती."

"झाडलोट तरी करू नका."

"मेजर झाडत्यात. त्यांची पाळी सकाळची."

जीपमध्ये सगळे कसेबसे मावले. मावशींना खिडकीशी बसवलं. जीप चालू झाली तेव्हा आत सगळे एकदम बोलत होते, कुणाचं तरी काहीतरी आमच्या घरात विसरलं होतं आणि ते काय होतं यावर वाद चालला होता. मावशी काळ्या चष्म्याआड अगदी गप्प होत्या. झोपल्या होत्या की नुसत्या बसल्या होत्या, ते मला बाहेरून कळलं नाही.